जुने इंजिन ओळखा, मग हात लावा

पूर्वी विहिरीवर मोट चालायची. बैल धावेवरून पुढे जात आणि मागे येत. मग तेलावरचे इंजिन आले. त्याची फटफट शिवारभर ऐकू जाई. पुढे वीज आली, विजेचा पंप बसला. इंजिन खोपीत गंजत पडले.

आता दारात भंगारवाला येतो. तो लोखंडाच्या वजनावर पैसे देतो. थोडे थांबा. विकायचे की ठेवायचे, ते नंतर ठरवा. आधी वस्तू ओळखा.

पाटी वाचा

इंजिनाच्या अंगावर पितळेची किंवा पत्र्याची छोटी पाटी असते. ती रॉकेलच्या चिंधीने हळूच पुसा. काचकागद लावू नका. अक्षरे घासून गेली, तर ओळखच गेली.

पाटीवर बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा. कारखान्याचे नाव पाहा. 'एच. पी.' म्हणजे अश्वशक्ती. 'आर. पी. एम.' म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे. शेवटी इंजिनाचा नंबर असतो. हे सारे वहीत उतरून घ्या. सुटे भाग आणताना हाच कागद दुकानदाराला दाखवायचा.

पाटी पडली असेल, तर ओतीव लोखंडावर उठवलेली अक्षरे शोधा. तीही नसतील, तर घडण पाहा. ठिणगी पाडणारा प्लग असेल, तर इंजिन पेट्रोलचे किंवा रॉकेलचे. प्लग नाही, पण तेलाचा छोटा पंप आणि नोझल आहे, तर ते बहुधा डिझेलचे.

ही इंजिने आली कोठून?

जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे गॅस इंजिन चालवून दाखवले. हवा ओढणे, दाबणे, जळणे, धूर बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतच यशस्वी झाले. त्यात ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली की ती तापते. त्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो पेट घेतो.

आपल्याकडे विलायतेच्या डर्सली गावची लिस्टर इंजिने आली. दोन मोठी चाके आणि सावकाश चाल, ही त्यांची खूण. पाटीवर ६/१ असेल, तर ६ अश्वशक्ती आणि १ सिलिंडर. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने केली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानेही इंजिने केली. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली निघाला. पाटीवर यांपैकी एखादे नाव सापडेल.

जाम झालेले इंजिन

चाक फिरत नाही म्हणून घण घालू नका. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटते. फुटलेले जोडणे अवघड आणि खर्चाचे.

उभ्या इंजिनाचे नोझल काढा. त्या भोकातून रॉकेल आणि इंजिन तेल मिसळून आत ओता. चार-आठ दिवस मुरू द्या. रोज चाक हातानेच थोडे हलवून पाहा. घाई केली तर नुकसान तुमचेच.

खोलताना प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. मोबाईल असेल तर आधी फोटो काढा. जुन्या गॅसकेटात आणि दोरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ते कोरडे खरवडू नका, मिस्त्रीला दाखवा.

तेलाची टाकी धुवा, जुने तेल बदला. पाण्याच्या वाटेत साचलेला क्षार काढा.

चालू करण्यापूर्वी

बाजारात मडके कसे वाजवून घेतो? मोठे चाकही तसेच वाजवून पाहा. चाकाला हलका ठोका द्या. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर तडा असेल. तडा गेलेले चाक फिरवू नका. ते फिरताना फुटले, तर जीव जातो.

आत ओतलेले तेल राहू देऊ नका. नोझल काढलेलेच ठेवून चाक पुष्कळ वेळा फिरवा. तेल निघून जाईल. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो फवारा कातडीत घुसतो.

गव्हर्नर मोकळा आहे का पाहा. तोच चाल आवरतो. तो अडकला की इंजिन पिसाळल्यासारखे पळते. म्हणून इंजिन कसे थांबवायचे, ते आधी शिका. मग चालू करा. पहिल्यांदा जाणता मिस्त्री जवळ हवा. धोतर, पदर, सैल बाही चाकाजवळ नको.

सर्वांत मोठा धोका

इंजिन विहिरीत किंवा बंद खोपीत चालवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला, तर हवा वाईट हे खरे. पण कंदील जळतो म्हणून हवा चांगली, असे नाही. हा वायू कंदिलाला कळत नाही. आत कोणी पडले, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. वाचवायला गेलेलाही मरतो. दोर, माणसे आणि मदत आधी जमवा.

मग ठेवावे की विकावे?

इंजिन चालले तर वीज गेल्यावर पिकाला पाणी देईल. चालले नाही, तरी पाटीसह नीट पुसून ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांनी पाणी कसे काढले, हे मुलांना दाखवता येईल. विकायचेच तर ओळखून विका. ज्याला वाचता येते, तो निदान काय विकतो आहे हे जाणून विकतो.

प्रश्न

१. पाटीवर कोणत्या चार गोष्टी पाहाव्या?
२. जाम चाकावर घण का घालू नये?
३. चाकाला तडा आहे, हे कसे कळते?
४. कंदील जळत असला, तरी विहिरीत धोका का असतो?
५. तुमच्या गावात जुने इंजिन आहे का? त्याची पाटी वाचून वहीत लिहा.