टोपीचे त्रैराशिक



दिवाळी झाली की आपल्या माजरीत पहाटे गारवा पडू लागतो. खाणीच्या पहिल्या पाळीला निघालेली माणसे कान बांधून जाताना दिसतात. घरोघरी पेटीतली लोकर बाहेर निघते. मग ओसरीवर बसून एक मावशी दुसरीला विचारते, "टोपीला किती टाके घातले वो?" ती सांगते, "शंभर." ही पण शंभर घालते. आठ दिवसांनी टोपी तयार होते आणि पोराच्या नाकापर्यंत खाली येते. नाही तर डोक्यावर चढतच नाही!

लोकर चांगली, विणही सुबक, तरी टोपी का बिघडली? कारण 'शंभर' हा आकडा पहिल्या मावशीच्या हाताचा होता. तो दुसरीच्या हाताला लागू पडत नाही. हे असे का होते ते या पाठात पाहू. सहावी-सातवीच्या मुलांना त्रैराशिक येते, म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे.

प्रथम हे पाहा की विणणे दोन तऱ्हेचे असते. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन सुरू केले. तिथे हातमाग चालतात. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून वर-खाली जातो. असे कापड ओढले तरी फारसे ताणत नाही. आपला सदरा, टॉवेल, सतरंजी, धनगरांची घोंगडी, सगळे याच प्रकारचे. सुयांवरचे विणकाम मात्र वेगळे. इथे धागा एकच असतो. त्याचा फास करायचा, फासातून दुसरा फास काढायचा, त्यातून तिसरा. धागा नागमोडी वाकलेला असल्यामुळे ओढला की फास लांबतात आणि सोडला की परत जागेवर येतात. म्हणून पायमोजा टाचेवरून सरकतो आणि घोट्याला घट्ट बसतो. मागावरच्या कापडाचा मोजा शिवून पाहा, कळेल! क्रोशाही फासांचाच, पण तिथे दोन सुया नसून टोकाला आकडा असलेली एकच सुई असते. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा असा आहे. ढीवर लोक मासे धरायचे जाळे विणतात त्याला प्रत्येक ठिकाणी गाठ असते. क्रोशाला गाठ नसते, म्हणून शेवटचा फास सुटला की सगळे काम भराभरा उसवते. उसवून तोच दोरा पुन्हा वापरता येतो, हा त्याचा फायदाही आहे.

आता फास किती मोठा होणार हे तीन गोष्टींवर ठरते : धाग्याची जाडी, सुईची जाडी आणि विणणाऱ्याचा हात. कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट. सुयांच्या जुन्या नंबरांत एक गंमत आहे. नंबर वाढला की सुई बारीक होते! ८ नंबरची सुई ४ मिलीमीटर जाड असते, तर १० नंबरची सव्वातीन. "मोठ्या नंबरची द्या" म्हणून दुकानात मागाल तर बारीक सुई घेऊन घरी याल. सुया नसल्या तर बांबूच्या काड्या तासून, काचकागदाने घासून गुळगुळीत केल्या तरी चालते. बांबूला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात काय तोटा? मात्र दोन्ही काड्या सारख्याच जाडीच्या हव्यात. तासायचे काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे.

तर पहिली पायरी म्हणजे नमुन्याचा तुकडा. ३० टाके घालून चौकोनी तुकडा विणावा. ज्या विणीत टोपी करायची त्याच विणीत, त्याच लोकरीने, त्याच सुयांनी. तो न ताणता पाटावर पसरावा. कडेचे टाके वेडेवाकडे असतात म्हणून मधोमध पट्टी ठेवावी आणि १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजावे. अर्धा टाका आला तर अर्धाही लिहावा. मग पट्टी उभी ठेवून ओळी मोजाव्यात. पुष्कळांना वाटते की या तुकड्यात लोकर फुकट जाते. अहो, तो तुकडा उसवला की लोकर परत मिळते. उलट सबंध टोपी उसवायची तर आठवडा जातो.

दुसरी पायरी डोक्याची. कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवावा. टेप नसेल तर सुतळी फिरवून ती पट्टीवर मोजावी. समजा घेर ५२ सेंटीमीटर आला. टोपी ५२ ची करायची का? नाही. विण ताणते, म्हणून चार सेंटीमीटर कमी धरायचे, तेव्हा ती कानावर नीट बसते. म्हणजे ४८.

आता मांडा त्रैराशिक. १० सेंटीमीटरला २२ टाके, तर ४८ सेंटीमीटरला किती? २२ गुणिले ४८ भागिले १०, उत्तर १०५.६.

आता 'पॉइंट सहा' टाका कसा घालणार? इथे गणिताच्या पुस्तकाचे उत्तर संपते आणि विणकामाचे सुरू होते. टोपीला दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी छान ताणते. त्या नक्षीला चार टाके लागतात, म्हणून एकूण टाके चारने भागले गेले पाहिजेत. १०५.६ च्या जवळ १०४ आणि १०८ हे दोन आकडे आहेत. १०४ अधिक जवळचा. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका धरला की झाले १०६.

मघाच्या मावशींचे कोडे आता सुटेल. शिवणीचे टाके सोडून देऊ. तेच १०४ टाके, पण सैल हाताच्या बाईचे १० सेंटीमीटरला २० बसत असतील तर टोपी ५२ सेंटीमीटर होईल, ढगळ. घट्ट हाताचे २४ बसत असतील तर ४३ च्या जवळपास, म्हणजे पोरगं रडेल. फरक दिसायला दोन-दोन टाक्यांचा, पण टोपीत नऊ सेंटीमीटरचा पडला! पुस्तकात 'इतके टाके घ्या' असे छापलेले असते तेही छापणाऱ्याच्या हाताचे. आपला हात पुस्तकाला कुठून ठाऊक असणार?

विणायचे असे : १०६ टाके घालून दोन सुलट-दोन उलट अशी २० सेंटीमीटर उंची विणावी. मग एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणावेत, ५३ उरतात. एक ओळ साधी. पुन्हा दोन-दोन एकत्र, २७ उरतात. लोकर तोडून दाभणात ओवावी, सगळ्या टाक्यांतून ओढून घट्ट करावी आणि त्याच लोकरीने बाजू शिवावी.

टाके बरोबर आले तरी ती वस्तू कोण वापरणार, कुठे वापरणार, हे विचारायचे राहतेच. आपल्याकडे बहुतेक घरी पहिल्यांदा मफलर विणायला घेतात. सोपा असतो, नुसती सरळ पट्टी. पण ज्यांचे वडील किंवा काका खाणीत कामाला आहेत त्यांनी जरा थांबावे. कोळसा वाहून नेणारा पट्टा सारखा फिरत असतो. अशा फिरत्या यंत्राजवळ लोंबते कपडे घालायचे नसतात, कारण टोक अडकले तर पट्टा थांबत नाही, माणूस ओढला जातो. मोटारसायकलच्या चाकात ओढणी किंवा पदर अडकून अपघात झालेले आपण ऐकतोच. तिथेही मफलरचे टोक तेच करते. तेव्हा मफलरऐवजी गोल गळपट्टी विणावी. दोन्ही टोके शिवून नळीसारखी केलेली, डोक्यातून घालायची. लोंबायला काहीच नाही.

इथे एक खुबी आहे. गळपट्टीचे माप गळ्याचे घ्यायचे नाही, डोक्याचे घ्यायचे, कारण ती डोक्यावरून उतरायला हवी. मोठ्या माणसाचे डोके ५६ असेल तर ५२ धरू. २२ गुणिले ५२ भागिले १०, म्हणजे ११४.४. चारच्या पटीत जवळचे ११६, शिवणीचे दोन मिळून ११८. उंची २५ सेंटीमीटर पुरे. शेवटचे टाके बंद करताना हात मुद्दाम सैल सोडावा, नाही तर विण ताणेल पण काठ ताणणार नाही. हेल्मेट घालणाऱ्याला त्याखाली जाड टोपी देऊ नये, वर गोंडा तर नकोच. हेल्मेट डोक्यावर नीट बसले नाही तर ते असून नसल्यासारखे.

थंडीत आपण सगळे शेकोटीभोवती बसतो, म्हणून लोकरीबद्दलही सांगितले पाहिजे. बाजारात 'लोकर' म्हणून जे गोळे मिळतात त्यांत पुष्कळदा मेंढीची लोकर नसतेच. तो ॲक्रिलिक नावाचा कारखान्यात केलेला धागा असतो. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपा. वाईट नाही, पण विस्तवाला वाईट! मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळते, त्याचे गरम थेंब कातडीला चिकटतात आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी होतो. ओळखायचे असेल तर मोठ्या माणसाने बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून जाळून पाहावा. मुलांनी एकट्याने करू नये. ॲक्रिलिकचे स्वेटर घालून शेकोटीवर ओणवे होऊ नये आणि लहान बाळाच्या कुंचीला लांब बंद, झालरी लावू नयेत.

आता उन्हाळ्याचे काय? मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा लोकर पेटीत आणि सुती दोरा बाहेर. क्रोशाच्या वस्तू आपण रुखवतात फार पाहतो : तोरण, रुमाल, रेडिओवरचे झाकण. ते सुंदर असते, पण आपल्या गावात कोळशाची धूळ आहे, पांढरी नक्षी महिनाभरात करडी होते. आम्हांला तरी बाजाराची जाळीची पिशवी जास्त कामाची वाटते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून तर हवीच. जाड सुती दोऱ्याने सहा साखळ्यांचे कडे करून मुक्या खांबांनी गोल तळ भरावा. मग पाच साखळ्या, एक मुका खांब, पुन्हा पाच साखळ्या, अशी जाळी वर चढवत न्यावी. भोक केवढे ठेवायचे? बाजारातून आणायची सर्वांत लहान वस्तू पडणार नाही एवढे. कांद्याला पाच साखळ्या चालतील, लिंबांना तीनच बऱ्या. पट्टा मात्र जाळीचा कधीच करू नये. तो मुक्या खांबांनी गच्च भरून विणावा. नाही तर दोन किलो कांदे भरले की पट्टा लांबत जातो आणि पिशवी जमिनीवरून फरफटते.

राहिला मजुरीचा विषय. मघाच्या टोपीत टाके किती? १० सेंटीमीटरला २८ ओळी धरल्या तर २० सेंटीमीटरला ५६ ओळी. ५६ गुणिले १०६ म्हणजे ५,९३६ टाके! मिनिटाला वीस टाके पडले तरी जवळजवळ पाच तास झाले. हे पाच तास स्वयंपाक, पाणी, धुणे आटोपून उरलेल्या वेळातले असतात, म्हणून कुणी मोजत नाही. युरोपात आयर्लंड देशात १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा क्रोशाची जाळी विकून कितीतरी कुटुंबे जगली. आंध्र प्रदेशात नरसापूरला बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. २०२४ साली त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मारिया मीस या जर्मन बाईंनी तिथल्या विणकरणींवर १९८२ साली पुस्तक लिहिले, त्यात दिसते ते असे : 'घरी बसून फावल्या वेळात करतात' असे म्हणून त्यांना अगदी थोडी मजुरी मिळे आणि नफा व्यापारी नेत. तेव्हा कुणी शेजारीण तुमच्यासाठी टोपी विणून देणार असेल तर लोकरीच्या पैशांबरोबर पाच तासही हिशेबात धरावेत. हे काम मुलींचेच असेही समजू नये. जुन्या काळी युरोपात मोजे-टोप्या विणणाऱ्यांचे संघ असत आणि त्यांत पुरुष असत.

धुण्याचे थोडे. लोकरीचे कपडे पिळू नयेत, टॉवेलात गुंडाळून दाबावेत. दोरीवर वाळत घालू नयेत. ओली विण पाण्याच्या वजनाने लांबते आणि मग आपले त्रैराशिक चुकते. खाटेवर स्वच्छ चादर अंथरून, सावलीत, सपाट पसरून वाळवावेत. वाऱ्याबरोबर कोळशाची धूळ येत असेल तर घरातच. पहिल्या धुण्यानंतर पुन्हा एकदा टेप लावावा आणि नवे माप, लोकर, सुईचा नंबर व १० सेंटीमीटरचे टाके वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी डोके मोठे झालेले असेल, तेव्हा फक्त ४८ च्या जागी नवा आकडा घालायचा.