एकाच खुर्चीचा विभाग

यवतमाळ

चि. छकुलीस,



तू रुजू झाल्याचा फोन आला आणि तुझी मामी गॅसवर दूध ठेवून अर्ध्या गल्लीला सांगत सुटली. दूध उतू गेलं. शुभ असतं म्हणतात, म्हणून मीही बोललो नाही. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर काढलीस, नेट झालीस, आठ मिनिटांत हजार मीटरची ती चाचणीही पळून दाखवलीस. मराठी-इतिहासाच्या प्राध्यापकांना नोकरीसाठी कोणी पळायला लावत नाही. आपल्या शारीरिक शिक्षणवाल्यांना लावतात, आणि ते बरंच आहे.

दारव्ह्याच्या कॉलेजात एक गोष्ट तुला पहिल्याच आठवड्यात जाणवली असेल. बाकीच्या विभागांत दोघं-तिघं तरी असतात. शारीरिक शिक्षणाला तू एकटी. संचालक तूच, कारकून तूच, वेळ आली तर चुना टाकणारीही तूच. काही अडलं तर शेजारच्या टेबलाला विचारावं, अशी सोय नाही. स्टाफरूममध्ये माणसं चांगलीच असतात, पण त्यांना तुझी आठवण येते ती पंधरा ऑगस्टला आणि गॅदरिंगच्या बंदोबस्ताला. म्हणून आपल्या नोकरीत सहकारी कॉलेजाबाहेर जोडावे लागतात. तुझी खरी स्टाफरूम यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा अशी विखुरलेली आहे आणि ती भरते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या दिवशी, मैदानाच्या कडेला मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तिथे बसत जा. सामना हरला की पोरं गोळा करून थेट गाडीत बसणारे संचालक मी पुष्कळ पाहिले. त्यांना अडचणीच्या वेळी फोन लावायला नंबर सापडत नाही.

त्या खुर्च्यांवरच्या ओळखींतून काय मिळतं, विचारशील. मी नवा होतो तेव्हा आमच्याकडे मुलींच्या कबड्डीचे सामने लागले. शेजारच्या तालुक्यातले एक ज्येष्ठ संचालक कोणी न बोलावता आदल्या दिवशी एसटीने आले. आल्या आल्या सुतळी मागितली. तिला गाठी मारून तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण केला, पहिला कोपरा काटकोनात बसवला, मग बारा बाय आठवर चारी खुंट्या ठोकल्या आणि मला टेप तिरपा धरायला लावला. १४ मीटर ४२ सेंटिमीटर. मग दुसऱ्या बाजूने. तेवढंच. "दोन्ही कर्ण जुळल्याशिवाय चुन्याच्या घमेल्याला हात लावायचा नाही," म्हणाले. पायथागोरस मी शाळेत घोकला होता, पण तो कबड्डीच्या मैदानावर राबतो हे बी.पी.एड.मध्ये कोणी सांगितलं नव्हतं. जाता जाता त्यांनी आपल्या काळ्या मातीचंही सांगितलं: पाऊस उघडल्यावर रोलर फिरवायची घाई करायची नाही, मातीवर अंगठा दाबून बघायचा. ठसा उमटला पाहिजे आणि अंगठा कोरडा निघाला पाहिजे. हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही. पुढे ते निवृत्त होईपर्यंत मी दर जूनमध्ये माझं वर्षाचं अंदाजपत्रक आधी त्यांच्यापुढे ठेवायचो, मग प्राचार्यांपुढे. ते लाल पेनने बॉलचे आकडे वाढवायचे आणि ट्रॉफ्यांचे कमी करायचे.

असं माणूस आपणहून चालत येण्याची वाट पाहू नकोस. ज्येष्ठांना नुसतं "सर, मार्गदर्शन करा" म्हटलं की ते भाषण देतात. नेमकं विचार. खो-खोचे खांब कुणाकडून करून घेतले? एलिजिबिलिटीच्या फॉर्मवर गॅप पडलेल्या मुलीचं काय करता? स्पर्धेत मुलीचा गुडघा फिरला तर खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकता? नेमक्या प्रश्नाला माणूस नेमकं उत्तर देतो, आणि पुढच्या वेळी त्यालाच तुझी आठवण होते.

जुन्याने नव्याला शिकवायची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. तू शिकलीस ते अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातून उभं राहिलं आणि १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी त्याच मंडळाच्या चमूने बर्लिनला जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. आखाड्यात जुना पोरगा नव्याला पकडी दाखवतो, तेच वळण पुढे संस्थेला लागलं. तुझ्या बॅचच्या पोरी आज जिथे जिथे लागल्या आहेत त्यांची यादी कर. लग्नाच्या वाढदिवसाचे मेसेज पुरेत; स्पर्धांचं वेळापत्रक आलं की त्यांच्याशी बोलत जा.

बाहेरचंही एक सांगतो. अमेरिकेत कॉलेजातले खेळ आणि करमणूक सांभाळणाऱ्यांची मोठी संघटना आहे, निर्सा. तिची सुरुवात १९५० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठात झाली. डॉ. विल्यम वॉसन यांनी कृष्णवर्णीयांच्या अकरा कॉलेजांतल्या सहकाऱ्यांना तिथे बोलावलं. वर्णभेदाचे दिवस होते. गोऱ्यांच्या संस्थांचे दरवाजे बंद, तेव्हा ज्यांचं काम एकसारखं त्यांनीच एकमेकांना धरलं. विषयही साधा: आंतरवर्गीय सामने कसे चालवायचे. विद्यापीठाच्या संघात जो कधीच निवडला जाणार नाही, त्याला मैदानावर कसं आणायचं. आज त्या संघटनेत सगळ्या वर्णांचे लोक आहेत. मला यातलं आवडतं ते हे, की त्यांनी दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही.

तू काय करायचं? पंच परीक्षा दे. दुसऱ्याच्या स्पर्धेत शिट्टी वाजवायला जाणाऱ्या माणसाला जिल्हा ओळखतो. आणि विद्यापीठाने मुलींच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून जायला सांगितलं तर नाही म्हणू नकोस. रेल्वेत दीड दिवस बारा मुली, त्यांचे डबे, कुणाची तब्येत, रात्री एक वाजता स्टेशनवर हजेरी: यातून जे शिकशील ते पीएच.डी. देणार नाही. बाई मॅनेजर नसली की बाप "राहू दे" म्हणतो आणि पोरगी घरी राहते. आपल्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठात त्यामुळे किती चांगल्या खेळाडू वाया गेल्या, ते मैदानावरच्या कुणालाही विचार.

आता एक इशारा. या गोतावळ्यात गटबाजीही आहे. निवड समितीवर बसलीस की कुणीतरी चहाच्या कपाबरोबर सांगेल, "मॅडम, तुमची एक घ्या, आमची एक घेतो." ज्यांनी तुला मैदान आखायला शिकवलं, तेही सांगतील. चहा घे. यादी बदलू नकोस. दोन वर्षं तोंड वाकडं करतील, नंतर स्वतःची पोरगी खरंच चांगली असली की तीच माणसं तू समितीवर असावीस म्हणून धडपडतील.

आणि ज्येष्ठांचं सगळंच उचलू नकोस. आमच्या पिढीत पुष्कळांना वाटायचं, मैदान कलर होल्डरचं, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्यांचं. तुझ्या कॉलेजात बाराशे पोरं असतील तर संघांत जाणार शंभर-सव्वाशे. बाकीच्यांचं काय? त्यातल्या निम्म्या मुली खेड्यावरून येतात आणि एसटीच्या वेळेला बांधलेल्या असतात. संध्याकाळी पाचला मैदान उघडून त्यांना उपयोग नाही. दुपारच्या सुट्टीत उघड. कॅरम, रिंग टेनिस, दोरी, काहीही चालेल. ड्रेसचा आग्रह पहिल्या वर्षी धरू नकोस. सलवार-कुर्त्यात खेळू दे. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला आणि योगाला श्रेयांक आले आहेत, त्याचा फायदा जरूर घे, पण गुणांसाठी आलेली पोरगी जूनमध्ये परत आली पाहिजे, तिकडे तुझं लक्ष असू दे. तुमच्या मैदानावरचा जो शिपाई आहे ना, त्याला आधी पकड. कुठली मुलगी पोर्चमध्ये उभी राहून नुसती बघत असते, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पुसदकडच्या एका ज्येष्ठ मॅडमशी मी बोललो आहे. नंबर मामीच्या फोनवरून पाठवला आहे. त्यांनी मुलींचे संघ खूप फिरवले आहेत आणि त्यांच्याकडे प्रत्येक दौऱ्याची वही आहे. ती वही बघायला माग, त्या खूश होतील. रविवारी सकाळी दहानंतर फोन कर, त्याआधी त्या अजूनही पळायला जातात. आणि चुकून "काकू" म्हणू नकोस. फोन ठेवतील.

तुझा,
मामा