अहिंसेचा आचार आणि रेशमाचा कोष

आपल्यामुळे मुंगीलादेखील वैधव्य येऊ नये, या आशयाचे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वचन सूत्रपाठाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याचे निरूपण करताना ‘मुंगीसुद्धा मारू नये’ एवढा अर्थ सांगून आपण बहुधा पुढे जातो. अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. वैधव्य मेलेल्याला येत नसते, मागे राहिलेल्याला येते. म्हणजे स्वामींची दृष्टी केवळ मरणाऱ्या जीवावर थांबलेली नाही. त्या मरणाने ज्याचा आधार तुटतो त्या दुसऱ्या जीवापर्यंत ती गेली आहे. वध आणि वियोग ही दोन्ही दुःखे या एका वचनात आली आहेत, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील विवेचनाचे प्रयोजन कळणार नाही.

इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांचे काही सहकारी यांनी ‘व्हीगन सोसायटी’ नावाची संस्था स्थापिली. मांसाहार न करणारे लोक तेथे पूर्वीही होते. या मंडळींनी त्यापुढे जाऊन दूध, तूप, अंडी, मध, कातडे, लोकर आणि रेशीम यांचाही त्याग सांगितला. आज आपल्याकडील शहरांतही असे व्रत पाळणारे तरुण आढळतात. त्यांच्याविषयी आपल्या उपदेशी व वासनिक मंडळींत दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतात, हा अतिरेक आहे. दुसरे म्हणतात, हा दंभ आहे. कारण ज्या धान्यावर हे लोक जगतात त्याच्या पेरणीपासून मळणीपर्यंत असंख्य जीव मरतात, मग दुधालाच दोष का? हा दुसरा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर इंग्लंडात शोधण्याची गरज नाही. जालना जिल्ह्याच्या शिवारात ते मिळते.

या जिल्ह्यात अलीकडे तुतीची लागवड वाढली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या, कापूस व सोयाबीन यांचा भरवसा राहिला नाही, तेव्हा अनेकांनी रेशीम कीटकांचे संगोपन पत्करले. पूर्वी येथले कोष विक्रीसाठी कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. २०१८ साली जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. वर्षात चार-पाच पिके निघतात आणि महिन्या-दीड महिन्यात पैसा हाती येतो. कर्जात बुडालेल्या घराला याचा केवढा आधार आहे, हे जाणूनच पुढील विचार करावयाचा आहे.

एका अंडीपुंजात सुमारे ४०० ते ५०० अंडी असतात. १०० अंडीपुंज घेणारा शेतकरी म्हणजे चाळीस-पन्नास हजार जीवांचा पालक होय. तो त्यांना वेळेवर पाला घालतो, शेड स्वच्छ ठेवतो, उन्हाळ्यात गारवा करतो. साधारण पंचवीस दिवसांनी अळ्या चंद्रिकेवर चढतात आणि प्रत्येक अळी सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा स्वतःभोवती गुंडाळून कोष करते. तिला कोषात राहू दिले तर दहा-बारा दिवसांत पतंग होऊन ती कोष भेदून बाहेर येईल. परंतु तसे झाले की धागा तुटतो. म्हणून त्याआधीच वाफेने अथवा गरम हवेने तिला आतल्या आत मारतात आणि मग कोष गरम पाण्यात टाकून धागा उकलतात. एक किलो कच्च्या रेशमास सहा-सात किलो कोष लागतात. एक कोष दीड-दोन ग्रॅमचा असतो. हिशेब वाचकांनीच करावा.

येथे पूर्वपक्ष असा मांडला जातो: ‘मी मांस खात नाही, मद्य घेत नाही, दंडवत-स्मरण चुकवीत नाही. मी जिवंत कोष विकतो. अळी माझ्या हातून मरत नाही. शेजारी कापूस पिकवतो आणि हंगामात अनेकदा फवारतो. मला तर तुतीवर फवारताच येत नाही; त्याच्या शेतातले औषध वाऱ्याने माझ्या पाल्यावर आले तरी माझ्या अळ्या दगावतात. मग हिंसक कोण, तो की मी?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कापसाला आपण निर्दोष वस्त्र समजतो. परंतु बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, त्याच जालन्याचा बीटी कापसाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. २००२ साली त्या वाणास केंद्र शासनाची परवानगी मिळाली. बोंडअळीने झाड खाल्ले की झाडातील द्रव्यानेच ती मरावी, अशी त्याची योजना. पुढे गुलाबी बोंडअळीस ते द्रव्य बाधेनासे झाले, २०१७ साली तिने राज्यभर पीक नासवले आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. तेव्हा सुती धोतर नेसणाऱ्याने आपले वस्त्र जीवहत्येपासून मुक्त आहे, अशा भ्रमात राहू नये. (जुन्या काळी आपल्या मळ्यांतील भाजीपाला कातड्याच्या मोटेच्या पाण्यावर पोसला जाई, हेही येथे स्मरावे.)

तरीही दोहोंत भेद आहे आणि तो मोठा आहे. एखाद्या वर्षी बोंडअळी आलीच नाही, तर कापूसवाल्याला आनंदच होईल. तिचे मरण त्याला हवे असते असे नाही, पीक हवे असते. याउलट कोषातील जीवाचे मरण वगळले तर अखंड धाग्याचे रेशीमच उरत नाही. पहिल्या ठिकाणी हिंसा कार्याच्या आडवाटेने येते, दुसऱ्या ठिकाणी तेच कार्याचे साधन असते. पहिली कमी करीत जाणे हा साधकाचा धर्म. दुसरीला ‘थोडी चालेल’ असे म्हणताच येत नाही. ‘माझ्या हातून मरत नाही’ हे समाधानही टिकत नाही. लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवावी. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आश्रयास आला, त्यांनी तो मागितला, आणि स्वामींनी दिला नाही. शस्त्र तर पारध्यांच्याच हाती होते. ससा हवाली केला असता तरी स्वामींच्या हातून तो मेला नसता. आश्रयास आलेला जीव मारणाऱ्याच्या हाती देणे हेच तेथे नाकारले आहे. ज्याने पंचवीस दिवस पाला घालून अळी वाढवली, त्याच्याहून अधिक आश्रयदाता तिला कोण?

आता दुधाचा प्रश्न, जो सर्वांत नाजूक आहे. वरील कसोटी येथे लावली तर उत्तर एका शब्दात मिळत नाही. वासराचे मरण दुधासाठी आवश्यक नाही. परंतु वासरू जितके कमी पिईल तितके आपल्या चरवीत अधिक पडते. त्याच्या तोंडचा घास आणि आपला लाभ यांचा असा सरळ व्यवहार आहे. एखाद-दुसरे आचळ वासरासाठी राखणारा कुणबी आणि जन्मल्याबरोबर वासरू दूर करणारा व्यवसाय, या दोघांस एका मापाने मोजता येणार नाही. म्हशीचे रेडकू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवण्याची रीत पुष्कळांनी पाहिली असेल. ती त्या पेंढ्याला चाटते, पान्हा सोडते. त्या गोठ्यात त्या दिवशी कोणाचाही वध झालेला नसतो. पण मुंगीच्या वैधव्याची काळजी वाहणाऱ्या शास्त्राने तिकडे पाहून काय म्हणावे?

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधास बंदी झाली, २०१५ साली ती बैल व वळूंनाही लागू झाली. कत्तल थांबवणे कायद्याला शक्य आहे. परंतु नांगर ट्रॅक्टरने ओढला जाऊ लागल्यावर बिनकामाच्या गोऱ्ह्याला वैरण कोणी घालावी, हे कायदा सांगत नाही. आणि म्हशीचा हल्या तर त्या बंदीत आलेलाच नाही. दूध घेणाऱ्याने निदान त्या गोऱ्ह्याचे व हल्याचे पुढे काय होते हे विचारावे. न विचारण्यातच आपले बरेचसे सोवळेपण टिकून आहे.

‘श्रीकृष्ण चक्रवर्ती गोकुळात दह्यादुधात वाढले’ असे सांगून हा प्रश्न निकालात काढणारेही आहेत. अवताराची लीळा स्मरावयाची असते. आचरावयाचे ते वचन. शिवाय गोकुळाचा दाखला द्यावयाचा तर गाईमागे वासरू आणि वासरामागे रान, हे सारेच गोकुळ आणावे लागेल.

महात्मा गांधींनी १९१२ साली दूध सोडले होते. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध अखेरच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी चाललेली क्रूर रीत त्यांच्या वाचनात आली, हे त्याचे एक कारण होते. पुढे त्यांना मोठे आजारपण आले. १९१९ च्या प्रारंभी मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला आणि कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. त्यांनी ते घेतले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा राहिला नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. व्रत मोडले तरी व्रताची व्याख्या त्यांनी मोडली नाही, हे त्यातले विशेष. व्हीगन सोसायटीनेही आपल्या व्याख्येत ‘शक्य व व्यवहार्य असेल तेथवर’ अशी मर्यादा ठेवली आहे. देहधारी जीवास सर्वथा अहिंसक होता येत नाही, एवढ्यावरून जेथे होता येते तेथेही होऊ नये, हा न्याय कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

राहिला तुतीवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न. त्याने उद्याच तुती उपटावी असे सांगण्याचा अधिकार रेशमी शालू नेसून लग्नाला जाणाऱ्यास नाही. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांपासून सूत कातण्याचा मार्ग तत्कालीन आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी दाखवला आहे व त्यास ‘अहिंसा रेशीम’ म्हणतात. ते महाग पडते आणि त्याला नेहमीच्या रेशमाची झळाळी नसते. त्यातही अडचण आहे: पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या पतंगाला उडता येत नाही, प्रत्येक मादी पुन्हा शेकडो अंडी घालते, आणि त्या सर्वांना पुरेल एवढा पाला कोठेच नाही. तेव्हा मागणी तेवढीच ठेवून कोषातील जीव वाचेल, असे मानता येत नाही. पैठणीची आणि सोवळ्याच्या मुकट्याची मागणी ज्या घरांतून येते, त्यांत आपल्या उपदेशी मंडळींची घरे किती, हे प्रथम मोजावे लागेल. तुतीवाल्या शेतकऱ्याशी बोलणे त्यानंतरचे. आणि तेही त्याच्या हप्त्याची तारीख व विहिरीचे पाणी विचारून.