फायबरग्लासला रंग कोणता द्यावा?

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरग्लासच्या होड्याही दिसतात. त्या कुजत नाहीत. लाकूड पोखरणारे सागरी किडेही त्यांच्या वाटेला जात नाहीत. समजा, रत्नागिरीजवळच्या मांडवीला अशीच एक होडी ओढून ठेवली आहे आणि तिच्या लहानशा केबिनला आतून ब्रशने रंग द्यायचा आहे. दुकानात गेलात तर डब्यांच्या रांगा दिसतील : सिंथेटिक इनॅमल, इमल्शन, लॅकर, इपॉक्सी, पॉलियुरेथेन. यांतला कोणता घ्यावा?

हाच प्रश्न फायबरग्लासच्या मोटारीबाबतही येतो. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५३ साली काढलेल्या ‘कॉर्व्हेट’ मोटारीची बॉडी फायबरग्लासची होती. आपल्याकडे १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीने ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लासची छोटी मोटार बनवली. होडीची केबिन असो की मोटारीचा आतला भाग, उत्तर शोधण्याची रीत एकच आहे. आधी पृष्ठभाग ओळखायचा आणि मगच डबा निवडायचा.

पृष्ठभागाची ओळख

फायबरग्लास म्हणजे काचेच्या अतिशय बारीक तंतूंची चटई आणि तिच्यात मुरवलेली पॉलिएस्टर राळ. साच्याला आतून मेण चोळतात, म्हणजे तयार वस्तू साच्याला चिकटून बसत नाही. मग साच्यात राळेचा एक गुळगुळीत थर देतात आणि त्यावर तंतूंची चटई व राळ यांचे थर चढवतात. राळेत मिसळलेल्या पेरॉक्साइडमुळे तिचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि द्रव राळ टणक होते.

साच्याला टेकलेली बाजू होडीची बाहेरची बाजू होते. ती गुळगुळीत असते. आतली बाजू मात्र उघड्यावर घट्ट होते, म्हणून ती खरखरीत राहते आणि तिच्यावर तंतूंची नक्षी दिसते. शिवाय एक अडचण असते. हवेतील ऑक्सिजन राळेच्या वरच्या थराला नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे तो चिकट राहतो. हे टाळण्यासाठी शेवटच्या थरातील राळेत थोडे मेण घालतात. ते वर तरंगून येते व हवेला अडवते. राळ घट्ट होते, पण मेणाचा अदृश्य पापुद्रा तिच्यावर तसाच राहतो.

आता रंग कोणताही असो, तो मेणावर कसा टिकणार? लाकडाला छिद्रे असतात, त्यांत रंग शिरून पकड घेतो. फायबरग्लासला तशी छिद्रे नसतात. म्हणून पकड आपणच तयार करावी लागते. प्रथम विद्रावकात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने मेण पुसून काढावे. फडके वारंवार बदलावे. त्यानंतर पॉलिश पेपरने घासावे. हा क्रम उलटा करू नये. आधी घासले तर मेण ओरखड्यांत दाबले जाते आणि मग निघता निघत नाही. घासताना उडणारी काचेची पूड त्वचेला खाजवते व श्वासाबरोबर आत जाते. म्हणून पाण्याचा हात देऊन ओलेच घासावे आणि नाकातोंडावर मुखवटा लावावा.

पृष्ठभाग तयार झाला की नाही, हे पाणी सांगते. त्यावर थोडे पाणी टाका. ते सलग पसरले तर मेण गेले. त्याचे थेंब गोळा झाले तर मेण अजून आहे.

रंग वाळतो म्हणजे काय होते?

सगळे रंग एकाच रीतीने वाळत नाहीत. निवडीचे खरे मर्म येथेच आहे.

लॅकर केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळते. ते इतक्या झपाट्याने वाळते की ब्रशचे फराटे मिटायला वेळच मिळत नाही. दुसरा हात देताना पहिला पुन्हा विरघळतो. म्हणून लॅकर फवाऱ्याने मारतात. ब्रशच्या कामाला ते उपयोगाचे नाही.

सिंथेटिक इनॅमलमधील टर्पेंटाइन आधी उडते. मग त्यातील तेलयुक्त राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. अर्धवट वापरलेल्या डब्यात रंगावर साय धरते, ती याच कारणाने. हा रंग सावकाश वाळतो, त्यामुळे फराटे आपोआप सपाट होतात. ब्रशसाठी तो सोयीचा आहे. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरे इनॅमल कालांतराने पिवळट पडते.

इमल्शनमध्ये ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून सलग थर होतो. वास कमी येतो आणि ब्रश पाण्याने धुता येतो. पण पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असताना पाणी लवकर उडत नाही. शिवाय डिझेलचे डाग व सततची घासाघीस हा रंग फार काळ सोसत नाही.

इपॉक्सी व पॉलियुरेथेन यांचे बहुधा दोन डबे मिळतात. ते मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, आणि ठराविक वेळात मिश्रण वापरून संपवावे लागते. यांचा थर सर्वांत चिवट असतो. इपॉक्सी फायबरग्लासला चांगले धरते, पण उन्हात त्याची भुकटी होऊ लागते. पॉलियुरेथेन ऊन सोसते. मात्र त्याच्या दुसऱ्या डब्यातील आयसोसायनेट हे द्रव्य दमट हवेतील पाण्याशी क्रिया करते, कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि थरात बुडबुडे राहतात. हे द्रव्य श्वसनालाही घातक असल्याने ते काम जाणत्या कारागिरानेच करावे.

काळ्या वाळूतील पांढरा रंग

रंगाची छटा निवडतानाही विज्ञान कामी येते. मांडवीच्या किनाऱ्याला स्थानिक लोक ‘काळा समुद्र’ म्हणतात, कारण तेथील वाळू काळी आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज सापडते. त्यात लोह, टायटॅनियम व ऑक्सिजन असतात. साध्या वाळूतील क्वार्ट्‌झची सापेक्ष घनता २.६५, तर इल्मेनाइटची सुमारे ४.७. म्हणून लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड काळे कण मागे राहतात.

याच काळ्या खनिजापासून टायटॅनियम डायऑक्साइड हे शुभ्र रंगद्रव्य बनवतात. ते इतके पांढरे का दिसते? राळेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, खडूचा सुमारे १.६. दोहोंत फरक थोडा, म्हणून राळेत कालवलेली खडूची पूड जवळजवळ पारदर्शक होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रूटाइल या प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे. फरक मोठा असल्याने प्रकाश कणाकणावर वळतो, विखुरतो आणि परत बाहेर येतो. त्यामुळे पातळ थरही खालचा पृष्ठभाग झाकून टाकतो.

फिकट रंग उष्णताही कमी शोषतो. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, आणि साधी पॉलिएस्टर राळ ६० ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणून छताला व बाजूंना फिकट छटा बरी. समोरच्या काचेखालचा भाग मात्र चकचकीत पांढरा नसावा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि चालवणाऱ्याला समोरचे दिसेनासे होते. तेथे बिनचमकीची करडी छटा योग्य.

निवड

आता डबा उचलता येईल. तयार पृष्ठभागावर प्रथम इपॉक्सी प्रायमर द्यावा. छत व बाजूंना ॲक्रिलिक इमल्शन पुरे. जेथे हात लागतो व डाग पडतात, तेथे सिंथेटिक इनॅमल द्यावे. पायांखाली आणि इंजिनाजवळ पॉलियुरेथेनचा खर्च वसूल होतो. रंग कोणताही असो, एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी विसरू नका. विद्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते व तेथेच काम करणाऱ्याला घेरी आणते. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एकट्याने काम करू नये, आणि जवळ विडी, दिवा किंवा ठिणगी नसावी. दुसरी गोष्ट म्हणजे इनॅमलने भिजलेली फडकी. ऑक्सिजन घेताना ती तापतात, आणि त्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप पेटू शकतो. अशी फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत.

शिवाय भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. औद्योगिक रंगांना तो लागू नाही. म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच रंग घ्यावा.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली फायबरग्लासचे टाकाऊ तुकडे मिळवा व त्यांचे चार गट करा. पहिला गट आहे तसाच ठेवा. दुसरा नुसता घासा. तिसऱ्याचे मेण फक्त पुसून काढा. चौथा आधी पुसा, मग घासा. सर्वांना एकच इनॅमल द्या व आठवडाभर वाळू द्या. मग एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून, म्हणजे समुद्राइतक्या खारट पाण्यात, तुकडे दोन दिवस बुडवून ठेवा. कोरडे झाल्यावर धारदार पात्याने रंगावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने सहा उभ्या व सहा आडव्या रेघा ओढा. पंचवीस चौकोन होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा.

प्रत्येक गटात पंचविसांपैकी किती चौकोन टिकले, ते मोजून तक्ता करा. डबा एकच, रंगही एकच. तरी आकडे वेगळे का आले, हे तुम्हीच वर्गाला समजावून सांगा.