घारापुरीची सहल आणि लाइफ जॅकेट : एक पाठ

शालेय सहलींमध्ये घारापुरीला मानाचे स्थान आहे. लेण्यांतील भव्य शिल्पे आणि पूर्वेकडील टेकडीवरील विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष पाहून इतिहास पुस्तकाबाहेर येतो. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी गेट वे ऑफ इंडियापासून सुमारे दहा किलोमीटर समुद्र ओलांडावा लागतो. लेण्यांचा अभ्यास आम्ही तयारीने करतो. या दहा किलोमीटरांचा अभ्यास मात्र क्वचितच होतो. म्हणून हा लेखप्रपंच.

मुंबईच्या समुद्राचा इतिहास याबाबत बोलका आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. ऐन पावसाळा, खवळलेला समुद्र आणि सणासाठी गावी निघालेल्या माणसांची गर्दी. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने ही वार्ता मुंबईला कित्येक तासांनी कळली. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या मदतीला घातल्या, म्हणून काही जण तरी वाचले.

सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नियंत्रण सुटलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी समुद्र शांत होता, वेळ भरदुपारची होती. पण बहुतेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. तेथेही क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुले जॅकेटविना होती. कारणे वेगवेगळी, पण उणीव एकच.

आता विज्ञानाकडे वळू. मानवी देहाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळची असते. त्यामुळे माणूस तरंगला तरी नाक-तोंड पाण्यावर राहीलच असे नाही. ती उणीव जॅकेटमधील फोम किंवा हवा भरून काढते. तरंगबळ न्यूटनमध्ये मोजतात. शंभर न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो वजन तोलण्याची शक्ती. पन्नास न्यूटनचे साधन किनाऱ्यालगतच्या, पोहता येणाऱ्या माणसापुरते असते. खुल्या समुद्रासाठी दीडशे न्यूटनचे जॅकेट योग्य, कारण शुद्ध हरपलेल्या माणसालाही उताणे करून त्याचे तोंड वर ठेवण्याच्या दृष्टीने ते बनवलेले असते.

"आम्हाला पोहता येते" हे उत्तर पुरेसे नाही. धडकेत डोक्याला मार लागतो, नाकातोंडात पाणी व डिझेल जाते, बुडणारा माणूस शेजाऱ्याला मिठी मारतो. अशा वेळी पोहण्याची कला उपयोगी पडेलच, याची खात्री नाही. आणि उलटत्या बोटीत बाकाखालचे जॅकेट शोधून, बंद बांधून घालण्याइतका अवधी मिळत नाही. म्हणून धक्का सोडण्यापूर्वीच ते अंगावर असावे.

ते घालण्याचीही रीत आहे. सर्व बंद आवळावेत. मग हात वर करून दुसऱ्याला खांद्याकडून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकले, तर सैल आहे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घालू नये. मूल त्यातून निसटते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. जॅकेटवर उशीसारखे बसू नये. फोम दबून निकामी होतो. हवेचे जॅकेट बंद केबिनमध्ये फुगवू नये. माणूस छताला अडकतो. पाण्यात पडल्यास पालथ्या पण तरंगत्या बोटीला धरून राहावे, एकमेकांना बिलगून राहावे, दूरच्या किनाऱ्याकडे पोहत सुटू नये.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादावर, म्हणजे सदैव जागरूक राहण्यावर, भर दिला. डॉ. बाबासाहेबांनी आम्हाला विचारून, तपासून स्वीकारण्याची सवय लावली. तीच सवय धक्क्यावरही हवी. बोटीची परवानगी किती जणांची आहे, प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मापाचे जॅकेट आहे काय, हे प्रश्न चढण्यापूर्वी विचारणे म्हणजे तांडेलाचा अपमान नव्हे. उत्तर समाधानकारक नसेल, तर ती बोट सोडून द्यावी. पालकहो, आपण सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना हेच प्रश्न आम्हा शिक्षकांनाही विचारावेत. त्यांची उत्तरे देणे आमचे कर्तव्य आहे.