'गेट्स' काढताना

पुण्यात सी शिकणाऱ्या मुलांच्या दप्तरात अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जुनं पुस्तक अजूनही निघतं, आणि त्यात ओळ वाचायला 'गेट्स' हे फंक्शन असतं. या फंक्शनला जागेची मर्यादा सांगताच येत नाही. वीस अक्षरांच्या ॲरेत कुणी पन्नास टाइप केली, की उरलेली शेजारच्या मेमरीवर जाऊन बसतात. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, त्याला एक वाट 'गेट्स'नेच दिली होती. तरी सीच्या स्टँडर्डमधून ते बाद व्हायला २०११ उजाडलं.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. आम्हाला मिळालेल्या लॅब मॅन्युअलमध्ये फाइंड-रिप्लेस करून 'गेट्स'च्या जागी सगळीकडे जागेची मर्यादा घेणारं 'एफगेट्स' घातलेलं होतं. कोड कंपाइल होत होता, वॉर्निंगही येत नव्हती. पण पासवर्ड तपासायच्या प्रोग्रॅमवर अख्खी बॅच अडली. पासवर्ड अचूक टाकला तरी उत्तर 'चूक'च! एका मुलीने स्ट्रिंगची लांबी छापून पाहिली. पाच अक्षरांच्या पासवर्डची लांबी सहा आली. एंटर दाबल्यावर येणारं न्यूलाइन 'गेट्स' टाकून देतं. 'एफगेट्स' जागा असेल तर ते स्ट्रिंगमध्येच ठेवतं. तोवर निम्मी मुलं आपल्याला प्रोग्रॅमिंग जमतच नाही असं धरून बसली होती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा मॅन्युअल सुधारणाऱ्यांना कळकळीचं सांगणं: नाव बदलण्याआधी दोन्ही फंक्शनं कुठे वेगळी वागतात ते वाचा. न्यूलाइन काढून तिथे नल ठेवणारी ओळ प्रत्येक उदाहरणात घाला. मग प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः चालवा, मुद्दाम लांबलचक ओळ देऊनही. न मावलेला भाग पुढच्या वाचनात घुसतो, तेही मुलांना दाखवा. छापलेलं आउटपुट आणि व्हायव्हाचे प्रश्न हमखास जुनेच राहून जातात, तेवढे आवर्जून तपासा.

आणि 'गेट्स' उदाहरणांतून जाऊ द्या, मॅन्युअलमधल्या फंक्शनांच्या सूचीतून नको. जुन्या कोडमध्ये ते भेटलेला मुलगा शोधणार कुठे? पीएचपीने जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१५मध्ये सातव्या आवृत्तीतून काढली, तरी त्यांची पानं मॅन्युअलमध्ये ठेवली, वर ठळक इशारा आणि पर्यायांची नावं देऊन. आपल्या सूचीतही एवढं पुरे: 'गेट्स – सी११पासून बाद. एफगेट्स वापरा. न्यूलाइन स्वतः काढा.'