समुद्रास मिळणारें पाणी वायां जातें काय?

(अभ्यासाचा शास्त्रभाग : यहेज्केल ४७:१–१२)

आषाढांतल्या पुरांत रोह्याच्या पुलावर उभे राहून कुंडलिकेकडे पाहणारे लोक हटकून म्हणतात कीं, केवढें हें पाणी, आणि सगळें समुद्रांत जाऊन वायां जातें! आमच्या मंडळ्यांतही हें बोलणें आम्हीं ऐकलें आहे. इतकेंच नव्हे, तर मनुष्याच्या उधळेपणाचा दाखला म्हणून उपदेशांतही त्याचा उपयोग झालेला आम्हांस ठाऊक आहे. प्रभु येशूनें जाळ्याचा व पेरणाऱ्याचा दृष्टांत दिला, तेव्हां ऐकणारे कोळी व शेतकरी त्यांत चूक काढूं शकले नाहींत. सृष्टीचा दाखला द्यावयाचा असेल तर ती आधीं नीट पाहिली पाहिजे. ह्यास्तव, प्रिय वाचकहो, नदी समुद्रास मिळते तेव्हां काय घडतें, ह्याचा आज आपण विचार करूं.

यहेज्केल संदेष्ट्यास जो दृष्टांत झाला त्यांत मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघालें. तें आधीं घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत चढलें, आणि शेवटीं पायीं उतरून जातां येईना अशी नदी झाली. ती वाहत जाऊन क्षारसमुद्रास मिळाली. तेथें तिचें पाणी फुकट गेलें, असें संदेष्टा म्हणत नाहीं. ती जेथें जेथें गेली तेथें जीव जगले, मासे विपुल झाले, आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी उभे राहून जाळीं पसरूं लागले, असें तो सांगतो. ह्या दृष्टांताचा अर्थ आध्यात्मिक आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि नदीचा आशीर्वाद ओळखण्यासाठीं जी खूण दिली आहे ती तिच्या मुखाशीं पसरलेल्या जाळ्याची आहे. आपल्या किनाऱ्यावरील लोकांस ही खूण समजावून सांगावी लागत नाहीं.

आपला रायगड जिल्हा, ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, तो सह्याद्रि व समुद्र ह्यांमधील एक अरुंद पट्टा आहे. येथल्या नद्या लांबीनें लहान व फार उताराच्या आहेत. पाताळगंगा व अंबा ह्या धरमतरच्या खाडीस मिळतात. कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्यास जाते. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाड ह्यांवरून बाणकोटास समुद्र गांठते. ह्याच बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनाच्या कार्याचा आरंभ झाला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पाऊस चार महिने पडतो, व नद्यांचें बहुतेक पाणी त्याच चार महिन्यांत वाहून जातें. उरलेले आठ महिने भरतीचें खारें पाणी खाडींतून दूरवर आंत येतें.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. गोडें पाणी हलकें म्हणून वर राहतें, खारें जड म्हणून खालून आंत शिरतें, आणि भरती-ओहोटी त्या दोहोंस दिवसांतून दोनदां घुसळते. त्यामुळें मुखाशीं खारें, मध्यें मचूळ व वरच्या अंगास गोडें, अशा जणूं पाण्याच्या पायऱ्या होतात, आणि त्या ऋतूप्रमाणें पुढेंमागें सरकतात. पुराबरोबर डोंगराची माती व कुजलेला पाला येतो. त्यांतील पोषक द्रव्यांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति वाढतात. त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर जवळा व माशांचीं पिलें, आणि त्यांवर मोठे मासे पोसतात. शेतास जसें खत, तसें खाडीस पुराचें गढूळ पाणी.

आतां ह्या पायऱ्यांचा उपयोग कोण कसा करतो, तें पाहूं. समुद्रांतील कोळंबी अंडीं समुद्रांतच सोडते. पिलें कांहीं आठवड्यांनीं, अजून बोटाच्या पेराहूनही लहान असतां, भरतीबरोबर खाडींत शिरतात, तिवरांच्या मुळांच्या आश्रयानें कांहीं महिने वाढतात, व मोठीं होऊं लागलीं कीं पुन्हां समुद्राकडे वळतात. बाहेर समुद्रावर जाळ्यांत पडणाऱ्या पुष्कळशा कोळंबीचें बाळपण अशा रीतीनें कोठल्या तरी खाडींत गेलेलें असतें. गोड्या पाण्यांतील मोठ्या कोळंबीची रीत ह्याच्या उलट आहे. ती नदींत राहते, परंतु तिची मादी अंडीं पोटाशीं धरून मचूळ पाण्यापर्यंत खालीं येते, कारण तिचीं पिलें निवळ गोड्या पाण्यांत जगत नाहींत. वाटेंत बंधारा आडवा आला तर वर चढूं पाहणाऱ्या पिलांचा मार्ग तेथेंच खुंटतो.

जिताड्याची गोष्ट तर अधिकच नवलाची आहे. तो पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशीं अंडीं घालतो. पिलें भरतीबरोबर वर चढून खाजणें, ओहोळ व पाण्यानें भरलेलीं भातशेतें ह्यांत शिरतात. म्हणूनच अलिबाग-पेणच्या खारेपाटांत तीं पकडून तळ्यांत वाढविण्याची चाल पडली. हा मासा आधीं बहुधा नर असतो, आणि कित्येक वर्षांनीं मोठा झाल्यावर त्याचीच मादी होते. अर्थात् लहानपणींच सगळे पकडले तर मादी व्हावयास कोणी उरणार नाहीं. तिसऱ्या व कालवें ह्यांस तर पळतांही येत नाहीं. पाणी फार दिवस अगदीं गोडें राहिलें अथवा विषारी झालें, तर तीं जागच्या जागीं मरतात.

ह्यावरून तीन गोष्टी ध्यानांत येतात. नदीचें पाणी खाडीस पुरेसें मिळावें, वेळेवर मिळावें, आणि शुद्ध मिळावें. तिहींपैकीं एक चुकली तरी खाडीस तें बाधतें. आपल्या जिल्ह्यांत तिहींचीं उदाहरणें आहेत.

पहिली गोष्ट पुरेशा पाण्याची. खालापूर तालुक्यांतील मोरबें व पेण तालुक्यांतील हेटवणें ह्या धरणांचें पाणी नव्या मुंबईकडील वस्तीस जातें. तेथील मुलांबाळांस पाणी मिळावें, ह्यांत वाद नाहीं. परंतु जेवढें तिकडे गेलें तेवढें धरमतरच्या खाडीस कमी झालें, हा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. घाटावरील मुळशी धरणाचें पाणी मूळचें मुळा, भीमा व कृष्णा ह्यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जावयाचें. ह्या धरणाखालीं ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांनीं सेनापति बापट ह्यांच्याबरोबर १९२१ सालीं सत्याग्रह केला. तरी धरण झालें. तें पाणी नळांनीं घाटाखालीं आणून १९२७ सालीं भिरा येथें वीज होऊं लागली, आणि वीज झाल्यावर तें कुंडलिकेंत पडतें. म्हणून कुंडलिका भर उन्हाळ्यांतही वाहते, व तिच्या कांठीं त्या पाण्यावर पिकें होतात. हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हें पाणी ऋतूप्रमाणें येत नाहीं. विजेची मागणी असेल तेव्हां सुटतें, नसेल तेव्हां थांबतें. मासा मात्र अजून पावसाचीच वाट पाहत असतो.

तिसरी गोष्ट शुद्धतेची. रोह्याजवळ धाटाव येथें व महाड येथें औद्योगिक वसाहती आहेत. २०१८ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तींत कुंडलिका व सावित्री ह्यांचीं नांवें होतीं. पुराच्या लोटांत घाण पातळ होऊन निघून जाते. परंतु उन्हाळ्यांत नदीचा लोट क्षीण असतां भरती तिला समुद्रास जाऊं देत नाहीं, व तेंच पाणी खाडींत वरखालीं हालत राहतें. तेव्हां पाण्यांतील प्राणवायु घटतो व मासे गुदमरतात.

हें केवळ आपल्या जिल्ह्याचें दुखणें नव्हे. योसेफ व मोशे ह्यांच्या चरित्रांतील नील नदी दरवर्षीं पुराचें गढूळ पाणी भूमध्य समुद्रांत ओतीत असे, व त्या सुमारास मुखाबाहेर तारलीच्या जातीचे मासे विपुल मिळत. १९६२ सालीं ती मासळी सुमारें १८,००० टन पडली. पुढें आस्वान येथील मोठ्या धरणानें १९६४ पासून पूर अडविला, आणि त्या दशकाच्या अखेरीस तीच मासळी हजार टनांच्याही खालीं आली. धरणानें मिसर देशास वीज व बारमाही पाणी दिलें, हें खरें. परंतु समुद्रकांठच्या कोळ्यांनीं त्याची किंमत आपल्या जाळ्यांतून भरली. समुद्रास जाणारें पाणी वायां जात होतें काय, ह्याचें उत्तर त्यांस विचारावें.

आतां कोणी म्हणेल, तर मग धरणें व बांध मुळींच नसावे काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. खारबांध व उघाडी नसत्या तर खारेपाटांत भात पिकला नसता, आणि उधाणांत खांड गेली म्हणजे त्या घरांवर काय प्रसंग येतो, तें आमच्या वाचकांनीं पाहिलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पाण्याची वांटणी करतांना खाडीसही एक वांटेकरी धरावें. आज तिच्या वतीनें बोलणारे दुबळे आहेत. चिखलांत उभी राहून तिसऱ्या वेंचणारी बाई, पागानें बोय धरणारा म्हातारा, ओहोळांत चिंबोरी शोधणारें कातकरी कुटुंब, ह्यांस सभेंत कोण बोलावतो? माझा शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें प्रभूस विचारलें होतें. नदीकांठीं राहणारास ह्याचें एक उत्तर असें आहे कीं, जो माझ्या खालच्या अंगास राहतो तो माझा शेजारी. त्याचें तोंड मीं कधीं पाहिलें नसेल, तरी माझ्या हातून सुटलेलें पाणी उद्यां त्याच्या दारीं जाईल.

हें मोठ्या धरणवाल्यांस जसें लागू आहे तसें आपणांसही आहे. नदीच्या डोहांत विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणें ह्यांत एका दिवसाच्या कालवणासाठीं सबंध वर्षाचें बीं जातें. आपल्या मंडळीच्या लोकांनीं हें कदापि करूं नये. पावसाळ्यांत मच्छरदाणीच्या कापडानें खाडीचीं पिलें गाळून काढूं नयेत. १ जून ते ३१ जुलै ही समुद्रावरील मासेमारीची बंदी मासे अंडीं घालतात त्या काळासाठीं आहे, तिचा मान राखावा. जिताड्याचें बीं आतां हॅचरींतही होतें. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेस हें १९९७ सालीं प्रथम साधलें. तळ्यासाठीं तें मिळत असेल तर खाडींतलें बीं खाडीसच राहूं द्यावें. तिवरें तोडूं नयेत. २०१८ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानेंही तीं तोडण्यास मनाई केली आहे. आणि खाडींत मासे मरून तरंगले, तर दिवस, वेळ, भरती कीं ओहोटी, व पाण्याचा रंग हें वहींत लिहून ग्रामसभेपुढें व प्रदूषण नियंत्रण मंडळापुढें मांडावें. लिहितां येणारा मनुष्य गांवांत बहुधा उपदेशकच असतो. ही सेवा त्यानें आपल्या कामाबाहेरची समजूं नये.

पुढच्या आषाढांत पुलावर उभे राहाल तेव्हां त्या गढूळ लोटाकडे नीट पाहा. तो रेवदंड्याच्या, बाणकोटच्या, धरमतरच्या लेंकरांचें ताट घेऊन चालला आहे. ज्यानें नदीस वाट दिली त्याचे आभार माना, आणि ती तुमच्या हातून जातांना निर्मळ जावी, अशी प्रार्थना करा.

विचारावयाचे प्रश्न

१. यहेज्केलाच्या दृष्टांतांत नदीचा आशीर्वाद कोणत्या खुणेनें ओळखला जातो?
२. कोळंबी व जिताडा ह्यांस गोडें व खारें अशीं दोन्ही पाणी कां लागतात?
३. खाडीस पाणी पुरेसें, वेळेवर व शुद्ध मिळावें, ह्या तिहींपैकीं तुमच्या खाडींत अधिक उणें काय आहे? वृद्ध कोळ्यांस विचारून लिहा.
४. तुमच्या गांवाच्या खालच्या अंगास कोण राहतात? तुमच्या गांवाचें पाणी त्यांच्याकडे कसें पोहोंचतें?